मेंढराला अख्खी, माणसाला चतकोर

छत्रपती संभाजीनगर
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप वन्सं,

उभ्यानंच नमस्कार. साष्टांग घालण्याइतकी पाठ आता वाकत नाही, आणि वाकत असती तरी तुमच्यापुढं वाकवली नसती.

पत्र हातानं लिहून स्पीड पोस्टानं पाठवते आहे. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय, आणि निधीच्या मेलवर लिहिलेलं आधी निधीचं ऑफिस सांभाळणारा तुमचा हिमांशू वाचतो, मग त्याला रुचेल तेवढं तुमच्या कानावर घालतो. हे पाकीट मात्र तुम्हालाच फोडावं लागेल.

'कै. डॉ. वैजनाथ औंढेकर स्मृती निधी'नं माझा अर्ज नामंजूर केल्याचं पत्र मिळालं. माझ्याच नवऱ्याच्या नावानं काढलेल्या निधीकडं मी अर्ज करायचा, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीनं मला 'अर्जदाराचा अनुभव समाधानकारक असला तरी' असं कळवायचं! वाचून मी एकटीच हसत बसले. वैजनाथांच्या पेशंटांचं रक्त आणि लघवी जन्मभर मीच तपासली, वन्सं. गुलमंडीच्या मागच्या त्या कोंदट लॅबमध्ये बसून. तेव्हा हो, अनुभव समाधानकारक आहे.

नामंजुरीचं कारण दिलंय, 'लाभार्थी एका ठिकाणी स्थिर नाहीत.' अहो, ते धनगर आहेत. ते स्थिर राहिले तर मेंढरं खातील काय, तुमची पत्रकं? दिवाळी झाली की अजिंठ्याच्या डोंगरातली ती वस्ती रिकामी होते. मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं सगळं घेऊन माणसं खाली गोदावरीकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मी मागितलं होतं ते एवढंच की तपासणीनं त्यांच्यामागं चालावं. एक जीप, आणि आमच्या तनुजा सिस्टरचा पगार.

तुमच्याच जाहिरातीत छापलंय, 'मूत्रपिंडाच्या आरोग्यातील विषमता कमी करणाऱ्या सामाजिक उपक्रमांना अनुदान.' विषमता म्हणजे काय ते सांगते. तुमच्या पुण्याच्या सोसायटीत कुणाचा पाय सुजला तर तो संध्याकाळपर्यंत स्पेशालिस्टकडं असतो. इकडं माणूस सरकारी दवाखान्यात पोचतो तो थेट डायलिसिसच्या मशीनवर चढायच्या अवस्थेत. मधली सगळी वर्षं कुणी बघतच नाही. तुम्ही त्या वस्तीला पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलंत. वर्षातला बहुतेक काळ ते कुलपात असतं आणि किल्ली सरपंचाच्या खिशात. उद्घाटनाची रिबीन अजून नळाला तशीच आहे. पाण्यात दोष आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी दोनदा तपासून घेतलं. काही नाही त्यात.

तरी वस्तीतल्या माणसांच्या किडन्या बिघडताहेत. ना शुगर, ना बीपी. कारण सापडत नाही. प्रांजली आठवते? केरबा-बानाबाईची सून, रामहरीची बायको, बारावी झालेली. उद्घाटनाला तिनंच तुमच्या हाती आरतीचं ताट दिलं होतं. तिचा पहिला रिपोर्ट चांगला नाही. पण एका रिपोर्टवर दुखणं ठरत नसतं. तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं, आणि तोवर ती मेंढरांच्या तळासोबत निघून गेली. तिला दोन लहान लेकरं आहेत. तिला शोधायला मी जाणार आहे, तुम्ही जीप द्या अगर नका देऊ.

मी तुमच्या भावाला डोंगरात नेऊन मारलं, असं तुम्ही तेराव्याच्या पंगतीत म्हणालात. आमटी वाढता वाढता मी ते ऐकलं. ज्या रविवारी तिथं त्यांचं हृदय बंद पडलं, त्या रविवारी डोंगरात जायची घाई त्यांनाच होती. पण तुमच्याशी वाद घालायला हे पत्र नाही. अर्जाचा फेरविचार करा.

उमा
(सौ. की श्रीमती ते तुम्हीच लावा. नावांची मालकी हल्ली तुमच्याकडं आहे.)


१६ डिसेंबर २०२४

वन्सं,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी हे पत्र आजच्या आज वाचा, आणि हिमांशूला खोलीबाहेर काढून वाचा.

काल मी आणि तनुजा भाड्याच्या जीपनं पैठणच्या पुढं जाऊन आलो. केरबाचा तळ एका उसाच्या फडाशेजारी मोकळ्या रानात पडलाय. तनुजानं नेहमीची प्रश्नावली काढली. कोणतं औषध चालू आहे का? बानाबाई म्हणाली, "नाय बाई. आमाला काय धाड भरलीय औषध घ्यायला?" तनुजानं 'नाही' लिहिलं. मागच्या खेपेलाही तेच लिहिलं होतं, सगळ्याच घरांचं.

जीपच्या धक्क्यांनी माझी पाठ धरली होती. मला खाली उतरता येईना. बानाबाई हसायला लागली. "आगं प्रांजली, डाक्टरीणबाईला चतकोर दे. आत्ता पळत्याल बघ."

प्रांजली उठली. देवाचे टाक ठेवलेल्या गाठोड्याशेजारून तिनं एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा काढला. आतून एक भलीमोठी गोळी काढून दगडावर ठेवली, विळ्याच्या पाठीनं तिचे चार तुकडे केले आणि एक तुकडा गुळात घालून माझ्यापुढं धरला. "गिळून टाका बाई. लई कडू हाय."

डब्यावर वैजनाथ होते. तुमच्या निधीचा स्टिकर, 'सप्रेम भेट', आणि त्यांचा हसरा फोटो. तो फोटो आमच्या लेकीच्या, स्वरालीच्या लग्नातला आहे, वन्सं. त्यात त्यांच्या डावीकडं मी उभी होते. मला कापून टाकलंत, तरी माझ्या खांद्याचा तुकडा राहिलाच आहे.

मी नखानं स्टिकर उचकटला. खाली लाल अक्षरात छापलेलं निघालं, 'फक्त जनावरांसाठी'. अंगदुखी-तापाची, मेंढरांची गोळी. उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही पशुधनासाठी म्हणून वाटलेत ते डबे. स्टिकर नेमका सूचनेवर चिकटवला तुमच्या माणसांनी.

मी विचारलं, "हे मेंढरांचं आहे ना?"

"व्हय की," बानाबाई म्हणाली. "मेंढराला अख्खी, माणसाला चतकोर."

"माणसाला घ्यायला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्येच्यात? वर सायबाचा फोटो हाय की. आन सायब काय मेंढराचे डाक्टर व्हते का? माणसाचेच व्हते ना?"

याचं उत्तर तुम्हाला सुचतंय का बघा. किडनीचे डॉक्टर, ज्यांनी वर्षानुवर्षं या लोकांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांचा चेहरा डब्यावर आहे. म्हणजे औषध किडनीला चांगलंच असणार. बानाबाईनं तो डबा देवाजवळ ठेवलाय.

"मग मघाशी औषध घेत नाही म्हणालात ते?"

"ते मेंढराचं हाय बाई. तुमी माणसाचं इचारलं."

माणसांनाही असल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीला महाग पडतात. ही तर जनावराची, मापाचा पत्ता नाही, आणि घेणारी माणसं दिवसभर उन्हात, घोटभर पाण्यावर चालणारी. प्रांजली धाकट्याच्या बाळंतपणापासून पाठदुखीनं हैराण आहे. ती रोज घेते, उद्घाटनापासून आजपर्यंत. तिचं रक्त काल घेतलंय. बाकीचीही घेतात, कुणी रोज, कुणी चाल मोठी असली की. वस्तीतलं दुखणं सगळं तुमच्याच डब्यातून आलं असं मी म्हणत नाही, असल्या गोळ्या ते आधीही थोड्याफार चाखत असतील. पण आधी चोरून आणि भीत भीत घ्यायचे. तुमच्या फोटोनं भीती काढून टाकली.

हिमांशूच्या पत्रकात वाचलं की जानेवारीत इकडच्या तळांवर आणखी डबे वाटायचे आहेत. ते आधी थांबवा. वाटलेले परत गोळा करा. आणि लोकांना सांगा. यात माझा-तुमचा हिशोब नंतर करू.

उमा


४ जानेवारी २०२५

वन्सं,

मी लिहिलं प्रांजलीबद्दल, आणि उत्तर आलं ॲड. विश्वजित यांचं. 'आमच्या अशिलाची व संस्थेची बदनामी थांबवावी.' कागद छान जाड आहे. लॅबच्या खिडकीची काच फुटलीय, तिथं लावला. वारा थांबला.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगते. मलाही ती आवडत नाही.

मी पुन्हा तळावर गेले होते. सगळ्यांना बसवून सांगितलं की ही गोळी माणसानं घ्यायची नाही, हिनं किडनी जाते. सगळे शांतपणे ऐकत होते. मग केरबानं तंबाखू मळत मळत विचारलं, "डाक्टरीणबाई, तुमचं आन ताईसायबाचं वाकडं हाय ना?"

मी म्हटलं, त्याचा इथं काय संबंध?

"नाय, आमी बघितलं की. त्या उद्घाटनाच्या दिशी सायबाच्या फोटोला हार कुनी घालायचा म्हून दोघींची वढाताण झाली. ताईसायबानी तुमच्या हातातून हार हिसकून घेतला. समद्या वस्तीनं बघितलं. भावकीत आसं व्हतंच बाई, आमच्यात बी व्हतं. पर तुमच्या भांडनापायी आमचं औषध कामून तोडायल्या?"

कळलं ना? मी बोलते ते त्यांना औषधाबद्दलचं वाटतच नाही. नणंदेनं दिलेली वस्तू भावजय वाईट म्हणणारच, असा त्यांचा साधा हिशोब आहे. आणि खोटं का बोलू, तुम्ही दिलेली कुठलीही वस्तू मी वाईट म्हटलीच असती.

प्रांजलीचा दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा बराच वाईट आहे. छावणी भागातल्या डॉ. शिवराजना दाखवला. ते वैजनाथांच्याच हाताखाली शिकले, उगाच घाबरवणारे नाहीत. म्हणाले, गोळी आत्ता थांबली तर बरंच सावरेल. उन्हाळाभर चालू राहिली तर मशीन. पैठणच्या पुढच्या रानातून आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर कशी येणार ती? मेंढरांच्या मागं कोण जाणार? मशीन लागलं की अशा घरातली सून जगत नाही, वन्सं. हे मी लॅबच्या खिडकीतून इतक्यांदा पाहिलंय की आता मोजत नाही.

तिला मी एकटीला बाजूला घेऊन रिपोर्ट दाखवला. पोरगी शिकलेली आहे, आकडे कळतात तिला. तरी म्हणाली, "बाई, गोळी नसली तर मला सकाळी उठायला येत नाय. मी नाय उठले तर सासूबाईला करावं लागतं. आन ताईसाहेब कशाला वाईट देतील? त्यांचा सख्खा भाऊ व्हता तो." मी साधी पॅरासिटामॉल दिली, पाठीला पट्टा दिला, व्यायाम दाखवला. पट्टा तिनं लावला. गोळी उलटसुलट करून बघितली आणि ठेवून दिली. तिच्यावर कुणाचा फोटो नव्हता.

तेव्हा तुम्हीच या. तुमच्या तोंडून ऐकलं तरच ते सोडतील. मी तुम्हाला बोलावते आहे, हे लिहिताना माझा हात कसा चालतोय ते माझं मला ठाऊक. अडला हरी म्हणतात, पुढचं तुम्हाला पाठ आहे.

उमा


१९ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमच्या हातचं पत्र किती वर्षांनी बघितलं. अक्षर अजून तसंच आहे, दुसऱ्याला जागा न सोडणारं.

जानेवारीचे डबे थांबवलेत, हे बरं केलंत. पण स्वतः यायला तुम्ही तयार नाही. कारणं वाचली. निधीला इतर देणगीदार आहेत, बातमी फुटली तर ते हात काढून घेतील, मग निधीच्या जिवावर मशीनवर असलेले पेशंट उघडे पडतील. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण खरं कारण तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. 'वैजूच्या फोटोनं लोकांचं वाटोळं झालं, हे मी माझ्या तोंडानं कसं सांगू?'

वैजू. तुम्ही त्यांना वैजू म्हणायचात हे मी विसरले होते.

मला तुमची दया आली असं समजू नका. आली नाही. मी चार दिवस फक्त एवढाच विचार केला की तुमच्या तोंडून ते वाक्य निघण्यासाठी त्यातलं काय काढून टाकावं लागेल. तुमचं नाव काढावं लागेल. ठीक आहे, काढू या. तिथं माझं घाला.

तळावर या आणि सांगा की डबे उमानं आणले होते. स्वस्तात मिळाले म्हणून जनावराच्या गोळ्या तिनं उचलल्या, तिनंच त्यांच्यावर माझ्या भावाचा फोटो चिकटवला, मला विचारलंही नाही. मला आत्ता कळलं, म्हणून धावत आले. हे बोलायला तुम्हाला फारसा सराव लागणार नाही. आणि ते विश्वास ठेवतील. तुमच्यावर त्यांचा आहेच, आणि माझ्याबद्दल वाईट ऐकायचीही आता त्यांची तयारी झालीय. मी तिथंच असेन. मान खाली घालून उभी राहीन. 'मग मागच्या खेपेला हीच गोळी वाईट म्हणत होती ती कशी' असं केरबा विचारील, तो चतुर आहे. त्याला सांगा, पकडली जाईल म्हणून आधीच दुसऱ्यावर ढकलत होती. पटेल त्याला.

माझ्या अटी ऐका. गोळी माणसानं घ्यायची नाही, हे तीनदा म्हणायचं. प्रत्येक डबा तुमच्या हातात परत घ्यायचा, उद्या देतो म्हणतील त्यांचाही. प्रांजलीच्या हातून तिचा डबा तुम्ही स्वतः घ्यायचा. आणि तपासणीचं अनुदान तनुजाच्या नावानं मंजूर करायचं, जीप आणि पगारासकट. माझा अर्ज मागं घेतल्याचं पत्र सोबत आहे. मी त्यात कुठं नसेन. नाही तरी फोटोतून मला कापायची तुम्हाला सवय आहे.

हे मी तुमच्यासाठी करत नाही. वैजनाथांसाठीही करत नाही. तसं वाटून घेऊन रडत बसू नका.

उमा


१० फेब्रुवारी २०२५

वन्सं,

ठरलं तसं बोललात. तीनदा म्हणालात, मी मोजत होते. डबे आले, तुमच्या गाडीची डिकी भरली. प्रांजली सगळ्यांत शेवटी आली, डबा पदराखाली धरून. तुम्ही हात पुढं केलात तशी ती तुमच्या तोंडाकडं बघत राहिली. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा कुठं दिला. ते चांगलं केलंत. ते मी सांगितलेलं नव्हतं.

पण 'माझ्या भावाला खाल्लं, आता तुमच्यावर उठली' हेही मी सांगितलेलं नव्हतं. ते तुमचं स्वतःचं. बोलताना तुमचा आवाज जो फुटला तो नाटकातला नव्हता, वन्सं, एवढं मला कळतं. सगळ्या तळासमोर तुम्हाला ते एकदा म्हणून घ्यायचं होतं, आणि मीच तुम्हाला सोन्यासारखी संधी दिली. मला तेव्हा वाटलं, पुढं होऊन तुमच्या मुस्कटात द्यावी. मग प्रांजलीचा रिकामा हात दिसला आणि मी जागची हलले नाही.

तुमची गाडी गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही बोलायच्या आधी बानाबाईनं माझ्यासाठी चहा ठेवला होता. माझा कप तिनं उचलला आणि कुत्र्यापुढं ओतला. म्हणाली, "तुमाला आमी घरच्यावानी धरलं. सायब गेले तवा म्या तुमच्या गळ्यात पडून रडले. आन तुमी माझ्या सुनंला इख दिलं? सस्त्यात गावलं म्हून?" मी मान खाली घातली. "बोला की! मागं लई बोलत व्हत्या!" केरबा नुसता म्हणाला, "बाई, आता इकडं येऊ नका. पोरं तापट हायेत." रामहरी माझ्याकडं बघतही नव्हता. प्रांजली पालाच्या दाराशी उभी राहून रडत होती, आणि मला ते बरं वाटलं, कारण ती घाबरली होती. इतके दिवस मी तिला घाबरवायला बघत होते, जमलं नव्हतं.

सांडू ड्रायव्हर म्हणाला, "चला मॅडम, अब इथं थांबून काय फायदा नाही." जीपमध्ये बसल्यावर मला जे रडू आलं ते पैठणपर्यंत थांबलं नाही. वैजनाथ गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते, घरात इतकी माणसं होती. वैजनाथांच्या मागं मला तुमच्या घरात कुणी उरलं नव्हतं. स्वराली परदेशात. रविवारी त्या वस्तीवर गेलं की बानाबाई भाकरी थापता थापता त्यांच्या आठवणी काढायची, मी ऐकायची. तेवढंच माझं सासर-माहेर राहिलं होतं. ते मी तुमच्या हवाली करून आले आहे. तनुजाला सांभाळा. ती गरीब आहे, तुमच्या बोलण्याला उलट उत्तर द्यायची नाही.

उमा


२ जून २०२५

वन्सं,

तनुजा परवा सगळे नमुने घेऊन लॅबला आली होती. नावं लपवायचा करार असला तरी प्रांजलीचं रक्त मी ओळखते. घसरण थांबली आहे. पुरतं पहिल्यासारखं होणार नाही, पण मशीनचं नाव काढायचं कारण नाही. डॉ. शिवराजनीही तेच सांगितलं. इतर घरांतल्या बऱ्याच जणांचंही सुधारलंय. आणि पाठ अजून दुखते म्हणून प्रांजली तनुजाशी भांडते. भांडू दे.

आता तुमच्या पत्राबद्दल. मला ते दोनदा वाचावं लागलं. तुम्ही लिहिता, फेब्रुवारीपासून झोप नाही. 'भावाला खाल्लं' म्हणालात ते सारखं कानात येतं. वस्ती डोंगरात परतली की वैजनाथांच्या स्मृतिदिनाला तुम्ही जाणार, सगळ्यांसमोर सांगणार की डबे तुमचे, स्टिकर तुमचा, उमाचा काही दोष नव्हता. मग मला तिथं बोलावणार, आणि या खेपेला हार मी घालायचा.

वाचून क्षणभर मला बानाबाईची भाकरी दिसली. इतकी भूक लागली की उठून पाणी प्यायले.

नाही, वन्सं. हे करायचं नाही.

त्या दिवशी तुम्ही एका तोंडानं, एका दमात दोन गोष्टी सांगितल्यात. गोळी वाईट, आणि उमा वाईट. लोकांनी दोन्ही एकत्र गिळल्या, गुळातल्या गोळीसारख्या. उमा वाईट म्हणून गोळी वाईट, असंच त्यांच्या डोक्यात बसलंय. आता तुम्ही म्हणणार, उमा वाईट नव्हती, मी खोटं बोलले. मग केरबा तंबाखू मळत म्हणेल, म्हणजे गोळी बी बरीच व्हती की. डबे ताईसाहेबांचे, फोटो साहेबांचा, मग भ्यायचं काय कारण? हीच गोळी बाजारात कुठल्याही जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते. आणि प्रांजलीची पाठ दुखतेय. तिला निमित्तच हवंय.

माझ्या नावाला काळं फासलं आहे तोवर ती गोळीला हात लावणार नाही. हे तुम्ही पुसायला निघालात. तुम्हाला झोप यावी म्हणून.

नका येऊ देऊ झोप. पुण्यात डॉक्टर पुष्कळ आहेत, गोळी घ्या, माणसांची. पण त्या वस्तीत खरं बोलायचं नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, मी मेल्यावरही नाही. प्रांजलीची लेकरं मोठी होऊन मला विष देणारी बाई म्हणाली तरी नाही. माझा तुमच्यावरचा राग तसाच आहे, रतीभर कमी झालेला नाही, आणि तुम्ही माफी मागितलीत तर तोही माझ्याजवळ उरणार नाही. तेव्हा मागू नका.

स्मृतिदिनाला जा. हार तुम्हीच घाला. जेवायला बसाल तेव्हा बानाबाई माझ्या नावानं शिव्या घालेल, तिला राहवत नाही. तुम्ही भाकरी मोडा आणि मान डोलवा.

उमा